पासष्टावा मणी

माझी मावशी काय काम करते, असं लहानपणी शाळेत कुणी विचारलं की मी सांगायचे, "तोडफोड करते." बाई चमकून बघायच्या. मग मला खुलासा करावा लागायचा आणि तो काही मला धड जमायचा नाही. आता मी स्वतः शाळेत शिकवते, त्यामुळे आज तरी जमायला हरकत नाही.

मावशी एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात मास स्पेक्ट्रोमीटर चालवते. हा रेणूंचा वजनकाटा. रक्तातलं एखादं प्रथिन त्यात सोडलं की त्याचं वजन कळतं. पण नुसतं वजन कळून भागत नाही. आत काय आहे ते बघायचं तर ते फोडायचं आणि मग त्या तुकड्यांची वजनं करायची. फोडायच्या रीती दोन-चार आहेत. कुठल्या रेणूपुढे कुठली चालेल, ह्या बाबतीत त्या इमारतीत मावशीचा हात धरणारं कुणी नाही.

माझ्या आईचं मत वेगळं. ती मावशीची थोरली बहीण. ती म्हणते, "ह्यात नवीन काय? लहानपणापासून हिचा हाच धंदा. माझी नवी छत्री हिने सुटी करून ठेवली होती. काड्या एकीकडे, कापड एकीकडे."

"परत जोडली नव्हती का?" मावशी विचारते.

"जोडली. तेव्हापासून ती उलटी उघडायची."

ह्या दोघींचे वडील, म्हणजे माझे आजोबा, फ्रिज दुरुस्त करायचे. मावशी शाळा सुटली की त्यांच्या दुकानात जाऊन बसायची, आणि पुढे दोन वर्षांचा कोर्स करून तिथेच कामाला लागली. रुग्णालयात ती गेली ती पंप सांभाळायला. त्या वजनकाट्याच्या आत हवा अजिबात चालत नाही. ती उपसून टाकणारे पंप दिवसरात्र घुमत असतात. पहिल्याच दिवशी तिने एका पंपावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "ह्याचं तेल कधी बदललंय?" कुणालाच आठवेना. "आवाज कोरडा आहे," ती म्हणाली आणि बाही वर सारून कामाला लागली.

पंप टेबलाखाली असतात. त्यामुळे सहा वर्षं मावशीने ते सगळं शास्त्र टेबलाखाली बसून ऐकलं. वर संशोधक बोलत असायचे, खाली ही पाना फिरवत असायची. जे कळायचं नाही ते घरी येऊन वाचायची. वाचूनही कळलं नाही तर दुसऱ्या दिवशी खालूनच विचारायची. एकदा वर दोघा-तिघांची चर्चा चालली होती की अमुक रेणू काही फुटत नाही. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "मग जरा जोरात आपटून बघा ना."

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. रक्तविभागाच्या प्रमुख डॉक्टरबाई, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, त्या तिथेच होत्या. त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं आणि म्हणाल्या, "या वर. तुम्हीच आपटा."

अशी मावशी खुर्चीवर बसली. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. ज्या गोष्टीबद्दल मी सांगणार आहे ती घडली तेव्हा पन्नाशीला एक वर्ष कमी होतं.

गोष्टीत आणखी एक माणूस लागतो. मावशीबरोबर काम करणारा तरुण संशोधक. चांगला शिकलेला, हुशार, पण सगळं ठरल्या वेळी करणारा. साडेदहाला चहा, अकराला पहिला नमुना, साडेबाराला डबा. आमच्या घरात त्याचं नाव 'वेळापत्रक' पडलं होतं. मावशी त्याला तोंडावर 'सर' म्हणायची, तो तिला 'ताई'. दोघांचं चांगलं जमायचं, पण एका गोष्टीवरून वाजायचं. त्याचा विश्वास पुस्तकावर, हिचा कानावर.

तर एक दिवस मॅडमनी रक्ताची एक नळी खाली पाठवली. नळीच्या पाठोपाठ नळीचा मालकही जिना उतरून आला.

उंच माणूस. पँट कमरेला पट्ट्याने कशीबशी धरून ठेवलेली. पट्ट्याला घरीच पाडलेली तीन जादा भोकं. तो लांब पल्ल्याची बस चालवायचा. म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत चालवायचा. वार्षिक तपासणीत त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर भलतीच वाढलेली निघाली. डेपोचा नियम कडक. ठरावीक आकड्याच्या वर साखर असेल तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्याला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं.

"ताई, माझं रक्त कुठे जातं ते बघायला आलो," तो दारातूनच म्हणाला. "दोन वर्षं झाली, रक्त वर जातं आणि खाली आकडा येतो. मध्ये काय होतं ते कुणी सांगत नाही."

खरं तर रुग्णांनी तिथे यायचं नसतं. वेळापत्रकाने घड्याळाकडे पाहिलं. मावशीने स्टूल पुढे सरकवलं.

त्याने सगळं सांगितलं. उपाशीपोटी बोट टोचून बघितलं की साखर अगदी बरोबर यायची. पण तीन महिन्यांचा आकडा काही उतरायचा नाही. डेपोच्या डॉक्टरांना वाटलं, हा तपासणीआधी चार दिवस पथ्य करतो आणि एरवी हादडतो. त्याने साखर सोडली, ब्रेड सोडला, बटाटा सोडला, अकरा किलो वजन उतरलं. आकडा तिथेच.

"डॉक्टरांचं ठीक आहे हो," तो म्हणाला. "पण बायकोचाही विश्वास नाही. तिला वाटतं मी चोरून गोड खातो. रोज संध्याकाळी शर्टाच्या खिशाचा वास घेते. मी कवळ्या आणि चष्मे सांभाळत बसतो दिवसभर. गोड कुठून आणू?"

"कवळ्या?" मावशीने विचारलं.

"बसमध्ये लोक दात विसरतात ताई. आत्ता माझ्याकडे नऊ आहेत."

मावशीला हसू आवरेना. तोही हसला. मग तिने त्याला काट्याचं तोंड कुठे आहे, रक्तातलं हिमोग्लोबिन आत कसं फवारतात, पडद्यावर काय दिसतं, ते सगळं दाखवलं. जाताना तो म्हणाला, "जे असेल ते असो. साखर असली तरी चालेल. पण खरं काय ते सांगा."

हे वाक्य मावशीने घरी येऊन तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे, नमुना चढला आणि पहिल्याच वजनात गंमत दिसली. हिमोग्लोबिनमध्ये दोन तऱ्हेच्या साखळ्या असतात. त्यातली बीटा नावाची साखळी एकशे सेहेचाळीस अमिनो आम्लांची, म्हणजे एकशे सेहेचाळीस मण्यांची माळ समजा. तुमच्या-माझ्या रक्तात ह्या माळेचं वजन एकच येतं. ह्या माणसाच्या रक्तात दोन आली. अर्ध्या माळा नेहमीच्या आणि अर्ध्या चौदाने हलक्या, म्हणजे चौदा हायड्रोजन अणूंच्या वजनाइतक्या.

"कुठलातरी एक मणी बदललाय," मावशी म्हणाली. "जन्मापासूनच असणार. आणि ह्या बदललेल्या माळेलाच वरच्या मजल्यावरचं साखर मोजायचं यंत्र साखर लागलेली माळ समजतंय."

"शक्यता आहे," वेळापत्रक म्हणाला. "पण कुठला मणी, ते दाखवल्याशिवाय मॅडम सही करणार नाहीत."

ते बरोबरच होतं. त्याने पुस्तकातल्या रीतीने सुरुवात केली. एक पाचक द्रव्य घालून माळेचे ठरल्या जागी तुकडे केले आणि एकेक तुकडा काट्यावर घेतला. सगळे नेहमीचेच. बदललेला तुकडा कुठे दिसेना. मावशीचा अंदाज असा की तो इतका बारका होता की तुकडे वेगळे करणाऱ्या गाळणीच्या नळीत टिकलाच नाही, पाण्याबरोबर सुरुवातीलाच वाहून गेला.

मग मावशीची पाळी. तिने माळ आधी न कापता अख्खीच आत घेतली आणि तिची आवडती रीत लावली. ती म्हणजे आपटणे. आत थोडा वायू सोडायचा आणि रेणूंना वेग देऊन त्यावर आदळायचं. आदळून आदळून रेणू तापतो आणि जिथे कच्चा असेल तिथे तुटतो. मोठा आवाज वगैरे काही होत नाही, पण मावशी बटण दाबताना दात मात्र आवळते.

माळ तुटली. पण दोन-चार ठिकाणीच, तिच्या सवयीच्या कच्च्या जागी. पहिले सत्तावन्न मणी निर्दोष निघाले. शंभराव्यापासून पुढचेही निर्दोष. म्हणजे भानगड मधल्या बेचाळीस मण्यांत होती. जोर वाढवला तर तीच ठिकाणं जास्त तुटायची, बाकीची जागची हलायची नाहीत.

"आपटण्यात अर्थ नाही," तिने शेवटी कबूल केलं. मावशीच्या तोंडून हे वाक्य निघणं म्हणजे मोठीच गोष्ट होती.

दुसरी एक रीत होती. आपटायचं नाही, रेणूला नुसता एक इलेक्ट्रॉन द्यायचा. तो घेताच साखळी जवळजवळ कुठल्याही जोडापाशी सुटते, कच्ची-पक्की जागा बघत नाही. यंत्राला त्यासाठी एक जोडभाग होता. त्यात एक पिवळट पूड तापवायची, तिची वाफ एका बारीक नळीतून आत न्यायची आणि तीच इलेक्ट्रॉन घेऊन जायची. पण हा जोडभाग तीन वर्षं बंद होता. दुरुस्तीला आलेल्या माणसाने तो गेला म्हणून सांगितलं होतं आणि त्यावर सगळ्यांनी कागदी रुमालांचे खोके ठेवले होते.

मावशीने खोके खाली काढले.

"ताई, तो मेलेला आहे," वेळापत्रक म्हणाला.

"मेलाय की गारठलाय ते बघू."

तिने पूड भरली, तापवणी चालू केली आणि अर्धा तास वाट पाहिली. आत वाफ पोचतच नव्हती. मग तिने आजोबांच्या दुकानात केलं असतं तेच केलं. नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताच्या मागच्या बाजूने चाचपत गेली, न टेकता, अगदी जवळून. ऊब, ऊब, ऊब, आणि एका जोडापाशी काहीच नाही.

"सर, इथे हात आणा. टेकवू नका."

त्याने आणला. "हा थंड आहे."

"फ्रिजमध्ये थंड जागा दिसली की बर्फ कुठे धरतो? तिथेच. वाफ इथपर्यंत येते आणि इथे थिजून बसते."

यंत्र थंड करून दोघांनी जोड उघडला. आत पिवळट स्फटिकांचा बूच बसला होता. मावशीला इतका आनंद झाला की तिने तो बूच चिमट्यात धरून खोलीतल्या सगळ्यांना दाखवला. नळी साफ केली, त्या जोडावर तापवणारी पट्टी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी वाफ आत पोचली. वेळापत्रकाचा त्या दिवशीचा साडेबाराचा डबा दीड वाजता उघडला गेला, हे त्याने स्वतःच मला नंतर सांगितलं, आणि तेही जरा अभिमानाने.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे होते. कारण असं की माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, शिंपी आहेत. त्यांनी मावशीच्या पांढऱ्या कोटाला आतून टॉर्चसाठी खिसा शिवला होता आणि तो कोट पोचवायला मला पाठवलं होतं. घरात त्यांचा नेहमीचा विनोद आहे की मी कापतो ते निदान परत शिवतो.

मी गेले तेव्हा दोघं वेळेवरून घासाघीस करत होते. इलेक्ट्रॉन किती वेळ द्यायचे हा प्रश्न. वेळ म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग. दोन भाग दिले तर माळ जशीच्या तशी. वीस दिले तर सगळं विरून जायचं, पडद्यावर काही उरायचंच नाही.

"दहा करू," तो म्हणाला.

"सहा."

"सहाच का?"

"दहाला आवाज नाही का येत, सर, सगळं पुसल्यासारखा?"

आवाज कुठलाच येत नव्हता. पण त्याने सहा केले.

पडद्यावर रेघांचं जंगल उगवलं. आपटताना चार-सहा रेघा यायच्या, इथे शेकड्याने. वेळापत्रक खुर्चीतून अर्धवट उठला. मावशीने त्याला खाली बसवलं, कारण आता खरं काम होतं. प्रत्येक तुकड्याचं वजन किती यायला हवं त्याची यादी तिच्या हातात होती. ती आकडा वाचणार, तो पडद्यावर शोधणार. नेहमीच्या आणि हलक्या अशा दोन्ही माळा एकदमच फुटत होत्या. त्यामुळे बदललेल्या मण्याच्या आधीपर्यंत एकेक रेघ दिसणार आणि तिथून पुढे जोडी.

"एकोणसाठ मण्यांचा तुकडा?"

"एकच रेघ."

"साठ?"

"एकच."

"एकसष्ट? बासष्ट?"

"एकच. एकच."

"त्रेसष्ट?"

"थांबा... एकच."

मी कोट हातात धरून उभी होते. तो खाली ठेवायचंही सुचेना.

"चौसष्ट?"

"एकच."

"पासष्ट?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सर!"

"दोन आहेत ताई. बरोबर चौदाचं अंतर."

मावशीने यादी टेबलावर ठेवली, पण ओरडली वगैरे नाही. "उलटीकडून मोजा," एवढंच म्हणाली. माळेच्या दुसऱ्या टोकाकडून मोजत आले. शेवटच्या मण्यापासून मागे सहासष्टाव्या मण्यापर्यंत एकेक रेघ, आणि पासष्टाव्यापाशी पुन्हा जोडी. दोन्ही बाजूंनी एकाच दारात येऊन पोचलो होतो. तेव्हा मात्र मावशीने वेळापत्रकाच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्मा नाकावर उतरला. मग तिने माझ्या हातातून कोट घेतला, घातला आणि टॉर्चच्या खिशात हात घालून खोलीभर दोन फेऱ्या मारल्या.

मॅडमनी सगळ्या रेघा स्वतः तपासल्या, पुन्हा ताज्या रक्तावर करायला लावलं, आणि मग चालकाला बायकोसह बोलावलं. मावशीलाही वर बोलावलं. मावशीने अंग चोरून दाराशी उभं राहायचा प्रयत्न केला, पण मॅडमनी तिला शेजारी बसवलं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला मधुमेह नाही. कधीच नव्हता. तुमच्या हिमोग्लोबिनमधला एक मणी जन्मापासून वेगळा आहे. त्याने तुम्हाला काही त्रास नाही, फक्त आमच्या यंत्राला तो साखरेसारखा दिसतो. दोन वर्षं आम्ही चुकीचा आकडा वाचत होतो. त्याबद्दल मी माफी मागते."

चालकाने पट्ट्याच्या जादा भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे बटाटा चालेल?"

"चालेल."

"आणि गाडी?"

"डेपोला पत्र आजच जाईल."

त्याची बायको खाली मान घालून बसली होती. छोटीशी, नीटनेटकी बाई. मांडीवरची पिशवी घट्ट धरलेली. ती म्हणाली, "मी दोन वर्षं ह्यांच्या खिशांचा वास घेतला."

"असू दे गं."

"आणि तो चॉकलेटचा कागद?" तिने मान वर केली. "मागच्या वर्षी खिशात सापडला होता तो? तो मी जपून ठेवलाय."

चालकाने मावशीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि कान पकडले. "तो मीच ठेवला होता. रिकामाच उचलला होता, बसमध्ये पडलेला. म्हटलं, एवढा रोज वास घेते, एकदा तरी काहीतरी मिळू दे."

बाईला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. शेवटी मॅडमनी खणातून रुमाल काढून दिले. मावशी सांगते, जाताना दोघं जिन्यावरून हात धरून उतरली आणि खालच्या कँटीनमध्ये त्यांनी क्रीमचे चार केक संपवले. दोन-दोन नाही. बायकोने एक, त्याने तीन.

गोष्ट इथेच संपली असती. पण असा बदल आई किंवा वडिलांकडून येतो, आणि घरात आणखी कुणाकडे असेल तर त्यांचीही साखर उद्या अशीच चुकणार. म्हणून मॅडमनी सगळ्या रक्ताच्या नातेवाईकांना तपासून घ्या म्हटलं. पंधरा दिवसांनी एका शनिवारी सकाळी तळघरातल्या बोळात चौदा माणसं येऊन उभी राहिली. दोन बहिणी, एक भाऊ, पुतणे, भाच्या, आणि सगळ्यांच्या पुढे चाकाच्या खुर्चीत चालकाची एक्याऐंशी वर्षांची आई. चालक स्वतः गणवेशात होता. नऊच्या फेरीवर जायचं होतं त्याला, पण आधी सगळ्यांना सोडायला आला होता.

पुढच्या आठवड्यात निकाल आले तेव्हा सगळे पुन्हा बोळात जमले. एका बहिणीकडे, तिच्या थोरल्या मुलीकडे आणि आईकडे तोच पासष्टावा मणी सापडला. निकाल सांगताना मावशीला वाटलं, म्हातारीला वाईट वाटेल, आपल्यामुळे पोराला दोन वर्षं भोगावं लागलं असं म्हणेल. म्हणून तिने हळूच, जरा आडवळणाने सांगायला सुरुवात केली.

म्हातारीने तिला मध्येच अडवलं. "नीट सांग बाई. माझ्याकडून आलंय?"

"हो आजी. तुमच्याकडूनच."

"त्यांच्याकडून नाही? ह्याच्या बापाकडून?"

"ते तर आता नाहीत. पण तुमच्यात सापडलंय, म्हणजे तुमच्याकडूनच."

म्हातारी खुर्चीत ताठ बसली आणि सगळ्या गोतावळ्याकडे वळली. "ऐकलंत का? पन्नास वर्षं ऐकतेय मी. नाक त्यांचं, उंची त्यांची, आवाज त्यांचा, हातांची बोटंसुद्धा त्यांची. मी काय नुसती पिशवी होते? एक तरी गोष्ट माझी निघाली!"

बोळभर हशा पिकला. वेळापत्रक दारात उभा होता. साडेदहा वाजून गेले होते आणि त्याचा चहा तसाच निवत होता. म्हातारीने मावशीला ते रेघांचं चित्र छापून मागितलं. पासष्टाव्या जागेवरच्या जोडीभोवती मावशीने लाल पेनने गोल काढून दिला. म्हातारीने कागदाची घडी घातली नाही, सुरळीही केली नाही. तो तसाच सरळ मांडीवर धरून ती लिफ्टपर्यंत गेली. वाटेत भेटलेल्या एका अनोळखी परिचारिकेला थांबवून तिने तो गोल दाखवला आणि सांगितलं की ही माझी खूण आहे.